जुळलेली चूक

१

कपडे धुवायचं मशीन काम संपलं की लांबलचक शीळ घालतं. एरवी ती कुणाच्या कानावरही पडत नाही. पण ठमी आत्ता कुठे झोपली होती, रविवारच्या दुपारचं घर चिडीचूप होतं, आणि त्या शांततेत ती शीळ घरभर घुमली. ओट्यापाशी उभी असलेली तिची आई धावली, मशीनचं बटण दाबलं आणि श्वास रोखून आतल्या खोलीकडे बघत राहिली. ठमीने कूस बदलली, झोपेतच कुणालातरी दटावलं आणि पुन्हा अंगाची जुडी केली.

वाचलो, असं मनाशी म्हणत ती लॅपटॉपकडे वळली. लॅपटॉप ओट्यावर असे, कारण पाच वर्षांच्या हाताला न पोचणारी घरात तेवढीच जागा उरली होती. नवरा दौऱ्यावर, सासूबाई लेकीकडे. ठमी उठेपर्यंत जो काय वेळ मिळेल तो तिचा. त्यातही कपडे ओले राहिले तर वास मारणार, हा विचार पाठ सोडत नव्हता.

काम म्हणावं तर लष्कराच्या भाकऱ्या. कॉलेजच्या मुलांची प्रोग्रॅमिंगची स्पर्धा दरवर्षी व्हायची, आणि चार माणसं हौसेने तिची परीक्षक व्हायची. यंदा ती त्यांची प्रमुख होती. स्पर्धा काल झाली होती. तीन-तीन मुलांचा संघ, संघाला एक कॉम्प्युटर आणि कोड्यांसारखे प्रश्न. मुलं प्रोग्राम लिहून पाठवतात. सर्व्हर तो परीक्षकांनी गुपित ठेवलेल्या टेस्टवर, म्हणजे नमुन्याच्या उदाहरणांवर, चालवतो आणि येणारं उत्तर परीक्षकांच्या उत्तराशी ताडून पाहतो. मग मुलांना एकच शब्द कळतो, 'बरोबर' नाहीतर 'चूक'. कुठे चुकलं, का चुकलं, ते सांगायचं नाही असा नियमच आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण होता. पुष्कळ गावं, त्यांच्यामधले रस्ते आणि प्रत्येक रस्त्याचा खर्च दिलेला. पहिल्या गावाहून शेवटच्या गावाला कमीत कमी खर्चात कसं जायचं ते सांगा, आणि जाताच येत नसेल तर 'रस्ता नाही' म्हणा. तो एकाच संघाला सुटला होता, शहराच्या टोकाच्या एका लहानशा कॉलेजातल्या तीन मुलींना. त्या एका प्रश्नावर त्या पहिल्या आल्या होत्या. पहिल्या संघालाच पुढच्या, देशपातळीवरच्या फेरीत जागा होती. गुणफलक सगळ्यांनी कालच पाहिला होता, निकाल तेवढा संध्याकाळी रीतसर जाहीर व्हायचा होता.

सकाळी दुसऱ्या क्रमांकाच्या संघाच्या कोचचा फोन आला होता. माणूस ताडमाड उंच, आवाज त्याहून वरचा. "मॅडम, निकाल तुमचा, मान्य. पण आमच्या पोरांचं त्या शेवटच्या प्रश्नात काय चुकलं ते तरी बघाल का? काल रात्री जेवली नाहीत हो."

म्हणून ती बघत होती. त्या मुलांचा प्रोग्राम तिने एकेका टेस्टवर चालवला. सगळ्या बरोबर, फक्त एका टेस्टवर 'चूक'. तिथे परीक्षकांचं उत्तर होतं, 'रस्ता नाही'. मुलांचं म्हणणं होतं, रस्ता आहे. खूप लांबचा, नऊ कोटींच्या वर खर्चाचा, पण आहे.

तिने ठमीचा रंगीत खडू घेतला आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे तो रस्ता गावागणिक मांडत गेली. शेवटच्या गावाला खडू टेकला तेव्हा तिने सुरुवातीपासून पुन्हा एकदा बेरीज केली.

रस्ता होता. मुलं बरोबर होती आणि परीक्षक चूक.

हे पुरेसं वाईट होतं. पण तेवढ्यात तिच्या मनात आलं, की मग त्या तीन मुलींना 'बरोबर' कसं मिळालं? तिने त्यांचा प्रोग्राम त्याच टेस्टवर चालवला.

'रस्ता नाही.'

चूक कुणाकडूनही होते. पण तीच चूक, नेमकी त्याच जागी, परीक्षकांची आणि मुलींची? एका बाकावरच्या दोन मुलांच्या वहीत अशी जुळी चूक सापडली की शाळेतल्या बाई काय म्हणतात, हे कुणी सांगायला नको.

२

अशा प्रोग्राममध्ये एक आकडा 'अनंत' म्हणून धरावा लागतो. ज्या गावाचा रस्ता अजून सापडला नाही त्याचा खर्च अनंत. यंत्राला अनंत कळत नाही, म्हणून प्रत्येक जण आपापला एक भलामोठा आकडा ठरवतो आणि जन्मभर तोच वापरतो. कुणी ओळीने नऊ लिहितो, कुणी एकावर पोतंभर शून्यं. सहीसारखीच ती सवय असते.

परीक्षकांच्या प्रोग्राममधला अनंत होता आठ कोटी अठरा लाख अठरा हजार एकशे एक्याऐंशी. म्हणजे एक्याऐंशी हा आकडा शेजारी-शेजारी चारदा. खरा रस्ता त्याहून महाग निघाला आणि प्रोग्रामने तो नाहीच म्हणून सांगितला. अनंतच तोकडा पडला होता.

मुलींच्या प्रोग्राममध्येही अनंत होता एक्याऐंशी, चारदा.

तिने दिराला फोन लावला. दीर स्पर्धा भरवणाऱ्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात होता. सर्व्हर त्याच्या ताब्यात, आणि तिला या भानगडीत ओढणाराही तोच.

"वहिनी, संध्याकाळच्या खुर्च्या लावतोय. लवकर बोला."

"भाऊजी, परीक्षकांची उत्तरं सर्व्हरवर कोण कोण उघडू शकतं?"

"मी आणि मास्तर. का?"

तिने का ते सांगितलं. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज थांबला.

"म्हणजे तुम्ही मला विचारताय," तो म्हणाला.

"सगळ्यांना विचारणार आहे. तुम्हाला आधी विचारलं, कारण तुम्ही घरचे."

"हा मान नको होता," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

झोपलेल्या ठमीला खांद्यावर टाकून ती निघाली. रिक्षात बसताना आठवलं, कपडे मशीनमध्येच राहिले.

परीक्षकांची खोली दिराच्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, एका लांब टेबलाची. तिथे मास्तर आणि बँकवाल्या ताई आधीच येऊन बसले होते. मास्तर म्हणजे अर्ध्या शहराला प्रोग्रॅमिंग शिकवून निवृत्त झालेला माणूस. शेवटचा प्रश्न त्यांचा, त्याचं उत्तर काढणारा प्रोग्रामही त्यांचा. ताई एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होत्या. जीभ धारदार आणि काम चोख. नियम असा, की एका परीक्षकाने प्रोग्राम लिहिला की दुसऱ्याने त्याच्याकडे न बघता स्वतःचा लिहायचा आणि दोघांची उत्तरं प्रत्येक टेस्टवर जुळवून पाहायची. या प्रश्नाचा दुसरा प्रोग्राम ताईंचा होता.

"माझा अनंत भरपूर मोठा आहे," ताई ताडकन म्हणाल्या. "माझा प्रोग्राम चालवा, बरोबर उत्तर येतं की नाही बघा."

चालवला. बरोबर आलं.

"मग दोघांची उत्तरं जुळली कशी?"

"या टेस्टवर जुळवलीच नसतील. ही टेस्ट शेवटच्या दिवसाची. मला बाकीच्या सगळ्या मिळमिळीत वाटल्या. म्हटलं, एक तरी दणदणीत हवी. बनवली आणि सरांकडे पाठवली."

"तुमच्या प्रोग्रामवर चालवली नाहीत?"

"जुळवाजुळव तुमच्या दिरांकडे असते ना?"

दीर दारातच उभा होता. "टेस्ट ताईंची. मला वाटलं, त्यांनी चालवूनच पाठवली."

"आणि सर, तुम्ही?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "मी माझ्या प्रोग्रामवरून उत्तर काढलं आणि चढवून दिलं. म्हटलं, हे दोघं बघतीलच."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर तीन घरं होती. तिला कुणाच्यातरी अंगावर जोरात ओरडावंसं वाटलं, पण ठमी खांद्यावर होती. आणि यादीत चौथं घर तिचंच होतं. प्रमुख म्हणून कुणाला काय विचारायचं राहिलं, हे बघणं तिचं काम.

"चूक कशी राहिली ते कळलं," ती म्हणाली. "पण मुलींकडे तीच चूक आली कुठून? सर, हा एक्याऐंशीचा आकडा तुमचा ना?"

"माझा. कित्येक वर्षांपासूनचा."

"या मुलींना तुम्ही कधी शिकवलंय?"

"त्या कॉलेजात मी पाऊल ठेवलेलं नाही. त्या मुलींची तोंडंही मला माहीत नाहीत." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मग ताईंनी तिला खुणेने व्हरांड्यात नेलं.

"हे बोलायची वेळ येऊ नये असं वाटत होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काल जेवणाच्या सुट्टीत त्या मुलींच्या कोचबाई मागच्या जिन्यात उभ्या होत्या. तुमच्या दिरांनी त्यांच्या हातात काहीतरी दिलं. वरून कागद होता. मी आले तसे दोघं बोलायचे थांबले."

३

दीर ओशाळला, मग चिडला, मग हसायला लागला. त्याचं हे नेहमीचंच होतं.

"चहाचा कप होता, वहिनी. वर कागद झाकलेला. बाकी सगळे कोच परीक्षकांच्या खोलीत येऊन चहा पिऊन गेले, मास्तरांना नमस्कार करून गेले. ही बाई काही वर येईना. म्हटलं नेऊन द्यावा."

"आणि बोलत काय होतात?"

"तिने विचारलं, सरांना अजून हे जिने चढवतात का? मी म्हटलं, चढतात. एवढंच."

"आवडते का तुम्हाला ती?"

"चहा नेला म्हणजे लगेच मुंडावळ्या बांधल्या का?"

तिला विश्वास ठेवायचा होता आणि त्याचाच राग येत होता. घरचा म्हणून ठेवावा तर प्रमुख कशाची, आणि न ठेवावा तर वहिनी कशाची? खाली तो उंच कोच येऊन पोचला होता. परीक्षकांचं उत्तरच चुकीचं निघालं, ही बातमी त्याच्यापर्यंत कुणी पोचवली देव जाणे.

"मॅडम, सरळ आहे," तो म्हणाला. "चुकीचं उत्तर अख्ख्या स्पर्धेत दोघांकडेच. एक तुम्ही, एक त्या. त्यांना उत्तर कुणीतरी दिलंय. संघ बाद करा."

"आणि नसेल दिलं तर?"

"मग एवढा योगायोग मला एकदा समजावून सांगा."

ती परत वर आली. ठमी आता जागी होऊन टेबलाखाली बसली होती आणि फळ्याचे खडू एकमेकांना लग्नाला उभे करत होती. आई लॅपटॉप उघडून बसली. माणसं काय वाट्टेल ते सांगतात. मुलींचा प्रोग्राम जे सांगेल ते आधी बघावं.

तिने आधी शेवटच्या प्रश्नाचा प्रोग्राम पुन्हा वाचला. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, मुलींनी दिवसभरात पाठवलेले बाकीचे प्रोग्राम उघडायला लागली. पहिला, दुसरा. तिसऱ्याला तिची बोटं थांबली.

तो प्रश्न खोक्यांचा होता. खोक्यांच्या ढिगातलं सर्वांत हलकं कोणतं, असा सोपासा. मुलींनी तो सकाळी, स्पर्धा सुरू झाल्या झाल्या सोडवला होता. सर्वांत हलकं शोधताना सुरुवातीला एक भलामोठा आकडा धरावा लागतो. मुलींनी धरला होता एक्याऐंशी, चारदा.

त्या प्रश्नाचा परीक्षकांचा प्रोग्राम ताईंनी लिहिला होता. त्यात एक्याऐंशीचा मागमूसही नव्हता.

तिने मागच्या वर्षीच्या स्पर्धेचं दप्तर उघडलं. तेव्हा शेवटचा प्रश्न जन्मालाही आला नव्हता. मुलींच्या कॉलेजचा तेव्हाही संघ होता, मुली मात्र दुसऱ्या होत्या. तरीही एक्याऐंशी, चारदा.

चोरीच्या आधीच चोराच्या अंगावर चोरीचा माल, असं कधी होतं का? मुलींनी हा आकडा कालच्या उत्तरातून उचललेला नव्हता. तो त्यांचाच होता, सवयीचा. दीर सुटला. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच वर आला. कारण मुलींना सवय लागली ती कुणीतरी लावली होती. मागच्या वर्षीच्या मुलींनाही त्याच माणसाने. आणि त्या माणसाला मास्तरांनी.

मास्तरांचे विद्यार्थी शेकड्याने होते. पण मोठेपणी शिकलेला विद्यार्थी आपला आकडा बरोबर घेऊन येतो. गुरूचा अनंत तोच घेतो, जो लहानपणी पहिला आकडाच गुरूपाशी शिकला.

ती मास्तरांकडे बघत राहिली. दरवर्षी हॉलभर फिरून पोरांच्या खांद्यांवरून डोकावणारा हा माणूस काल दिवसभर याच खुर्चीत, दाराकडे पाठ करून बसला होता. कोचबाई जिन्यावरून वर आल्या नव्हत्या आणि हे जिन्यावरून खाली गेले नव्हते. आणि मघाशी? आपल्या खास आकड्याचं जुळं सापडलं असं ऐकल्यावर कुणीही पहिल्यांदा विचारेल, 'यांना शिकवतं कोण?' त्यांनी विचारलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "या मुलींच्या कोच तुमच्या कोण?"

मास्तरांनी चष्मा घडी करून टेबलावर ठेवला.

४

उत्तर दारातून आलं.

"मुलगी," कोचबाई म्हणाल्या. निकालासाठी आल्या होत्या, मागे तिन्ही मुली. सर्वांत पुढची, लांब वेणीची, आधीच रडून आलेली दिसत होती. खाली उंच कोचने काय ऐकवलं असेल ते समजायला अक्कल लागत नव्हती.

"आम्ही कॉपी केली नाही," वेणीवाली म्हणाली. "वाटलं तर आत्ता, इथे बसून, तुमच्यासमोर पुन्हा लिहितो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बस. हा एक्याऐंशीचा आकडा कुणी शिकवला?"

"मॅडमनी. त्या म्हणतात, हा न संपणारा आकडा आहे."

मास्तरांनी खुर्ची वळवली. कालपासून पहिल्यांदा त्यांचं तोंड दाराकडे झालं.

"स्कूटरचा नंबर होता तो," ते म्हणाले. "एक्याऐंशी एक्याऐंशी. ही पुढे उभी राहायची हँडल धरून. शाळेपासून घरापर्यंत तेच म्हणायची. एक्याऐंशी एक्याऐंशी एक्याऐंशी. मी म्हटलं, अगं, संपणार कधी? तर म्हणाली, बाबा, हा संपतच नाही. तेव्हापासून मी तोच लिहितो. हिला प्रोग्राम शिकवला तेव्हा तोच शिकवला."

"मला वाटलं होतं, तुम्ही आता बदलला असेल," कोचबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तू बदलला असशील."

ताई धारदार होत्या, पण दगड नव्हत्या. तरी नियम तो नियम. "सर, नातेवाईक कोच असेल तर आधी सांगायचं असतं. दरवर्षी आपण एकमेकांना विचारतो. तुम्ही नाही म्हणालात."

"पाच वर्षं आम्ही बोललो नाही. चांगली संशोधनाची नोकरी सोडून ही त्या टोकाच्या कॉलेजात गेली. मी म्हणालो, आयुष्य मातीत घालतेस. ती म्हणाली, माझं आहे, घालते." मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बोलणंच नाही त्याला नातं काय म्हणून सांगायचं, असं वाटलं."

"ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर तुम्ही त्याला शून्य गुण दिले असते," ताई म्हणाल्या, पण हळूच.

दीर भिंतीला टेकून उभा होता. "म्हणजे मी सुटलो ना?" तो म्हणाला. "नाही, कुणी म्हणालं नाही म्हणून विचारलं."

कोडं सुटलं होतं. चोरी नव्हती, चोर नव्हता. बापाने लेकीला शिकवलेला आकडा लेकीने मुलींना शिकवला, आणि एका लांबच लांब रस्त्यापुढे तो बापाच्या आणि त्या मुलींच्या हातात एकाच वेळी तोकडा पडला. अशा वेळी माणसाला हलकं वाटायला हवं. तिला मात्र जास्तच जड वाटत होतं, कारण खाली हॉल भरत आला होता.

५

"सोपं आहे," ताई म्हणाल्या. "प्रश्नच रद्द करा."

"म्हणजे ज्यांनी तो बरोबर सोडवला त्यांची मेहनत पाण्यात," ती म्हणाली.

"मग उत्तर दुरुस्त करून सगळं नव्याने तपासा."

तपासलं. उंच कोचची मुलं पहिली आली. मुली तिसऱ्या.

"हे न्यायाचं झालं," दीर म्हणाला.

"नाही झालं," वेणीवाली म्हणाली. ती उद्धटपणे बोलत नव्हती, हिशेब सांगावा तसं सांगत होती. "आमचं उत्तर चूक होतं, मान्य. पण तुम्ही आम्हाला 'बरोबर' म्हणालात. 'चूक' म्हणाला असतात तर आम्ही शोधलं असतं. आकडा मोठा करायला कितीसा वेळ लागतो? वेळही उरला होता. तो आम्ही दुसऱ्या प्रश्नावर घालवला, कारण तुम्ही म्हणालात, हा झाला."

उंच कोचला वर बोलावलं तर त्याची वेगळीच कहाणी. "आमच्या पोरांना तुम्ही 'चूक' म्हणालात," तो म्हणाला, "आणि ती दुपारभर धडधाकट प्रोग्राममध्ये रोग शोधत बसली. दुसरे दोन प्रश्न हातचे गेले. एकाने तर बरोबर लिहिलेलं पुसून भलतंच लिहिलं. आता पहिलं म्हणताय, घेतो. पण कालचा दिवस त्यांना कोण देणार?" मग तो मुलींकडे वळला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बेताचा झाला. "आणि पोरींनो, मी खाली जे बोललो ते मागे घेतो."

तिने पुढच्या फेरीच्या आयोजकांना फोन लावला. दोन संघ पाठवू द्या, चूक आमची आहे. पलीकडचा माणूस सभ्य होता, पण घाईत. "जागा एकच आहे मॅडम. नाव पाठवा, कहाणी नको."

मुलांना परत बसवावं म्हटलं, तर अर्धे संघ आपापल्या गावी निघून गेले होते. दोघांचीच पुन्हा घ्यावी, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं? प्रत्येक वाट कुणाच्यातरी अंगणातून जात होती. तिला चीड आली. ती ना मास्तरांची होती, ना दिराची. चीड आली ती या गोष्टीची, की एवढं सगळं उलगडूनही हातात काही येत नव्हतं. गोष्टीतले गुप्तहेर खुनी सापडला की टोपी घालून निघून जातात. त्यांना कुणी निकाल वाचायला थांबवत नाही.

तिने ठरवलं. बरोबर ते बरोबर आणि चूक ते चूक. नव्याने तपासलेला निकालच खरा. पण का बदलला ते सगळ्यांसमोर, काही न झाकता सांगायचं.

"मुली निर्दोष आहेत हे सांगायचं तर आकडा कुठून आला ते सांगावं लागेल," ती कोचबाईंना म्हणाली. "तुमच्या घरातलं."

कोचबाईंनी मुलींकडे पाहिलं. "सांगा. माझ्या घरातलं झाकायला यांच्या नावाला डाग नको."

"माझ्या नावावर घाला," मास्तर म्हणाले. "नातं मी लपवलं. पुढच्या वर्षापासून मी नाही."

"ते पुढच्या वर्षी बघू," ताई म्हणाल्या. "आत्ता खाली चला, नाहीतर लोक खुर्च्या मोडतील."

ती बोलली. ठमी कडेवर होती, कारण खाली ठेवली की माइकची वायर ओढत होती. परीक्षकांचं उत्तर चुकलं, टेस्ट जुळवून पाहायची राहिली, त्याची जबाबदारी प्रमुख म्हणून माझी, असं तिने सांगितलं. मुलींनी काही चोरलं नाही, आणि एकच सवय परीक्षकाकडून त्यांच्यापर्यंत कशी पोचली, तेही सांगितलं. मग निकाल वाचला. टाळ्या झाल्या, पण कुणाला किती वाजवाव्यात हे न कळलेल्या. उंच कोचची निळ्या शर्टातली तीन मुलं स्टेजवर आली. त्यांच्यातल्या एकाने करंडक घेतला आणि तो धरायचा कसा हे न कळल्यासारखा दुसऱ्याच्या हातात दिला. वेणीवाली टाळ्या वाजवत होती, ओठ घट्ट मिटून.

हॉल रिकामा व्हायला लागला. मास्तर शेवटच्या रांगेत बसून होते. कोचबाई जवळ आल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "पायऱ्यांना कठडा धरा."

"धरतो," मास्तर म्हणाले. दोघं एवढंच बोलले, पण गेले बरोबर.

दीर रिक्षा शोधायला धावला. ती फाटकाशी उभी राहिली. ठमी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून निळ्या शर्टांच्या मुलांकडे बघत होती. ती मुलं बसमध्ये चढत होती.

"ते दादा जिंकले?"

"हो."

"त्या वेणीच्या ताई नाही जिंकल्या?"

"त्यांचं उत्तर चुकलं, बाळा."

"मग आधी त्या जिंकल्या होत्या, ते कसं?"

"तेव्हा आमचं चुकलं होतं."

ठमीने आईच्या मानेवरचा केस बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. रिक्षा येऊन उभी राहिली. मोठी माणसं तासभर डोकी फोडून ज्याच्या भोवती फिरत राहिली, ते पोरीने सरळ उचललं.

"आई, तुमचं चुकलंच नसतं, तर कोण जिंकलं असतं?"